नववी चिप

१

रविवारी जेवणं झाली की आमच्या घरी ढावलो लागतो अन् माझी याडी रडायले बसते. याडी म्हणजे आई. तिले कोणी काही बोललेलं नसते, दुखतखुपत नसते, तिले फक्त आठवड्यातून एकदा मनासारखं रडायचं असते. आमचे हे, संजय गुरुजी, तेवढ्या वेळात बाहेर जाऊन स्कूटर पुसतात. पुसदच्या आमच्या गल्लीत एवढी चकचकीत स्कूटर दुसरी नाही.

आम्हा बंजाऱ्यांत नवरी सासरी निघाली की एकेकाच्या गळ्यात पडून सुरात रडते, तो ढावलो. नुसतं रडणं नसते ते. त्याले चाल असते, शब्द असतात, अन् ज्याच्या गळ्यात पडली त्याचं नाव असते. आपल्या कोणाले गाळायचं नसते. माझ्या लग्नाले चौदा वर्षं झाली. मी चौघांच्या गळ्यात पडली होती. आधी बापू, ते आता नाहीत. मंग याडी, मंग किसनकाका, अन् शेवटी माझा धाकटा भाऊ नेमसिंग. नेम्या तवा अठरा वर्षांचा होता अन् माझ्याहून मोठ्यानं रडला होता. तांड्यातले लोक अजून त्याले त्याच्यावरून चिडवतात.

हे सगळं माझ्या डब्यात आहे. मी कॉम्प्युटरचा वर्ग चालवते. दोन वर्षांपूर्वी एका जुन्या कॉम्प्युटरात दोन मोठ्या डिस्का टाकून मी घरचा साठवणीचा डबा बनवला अन् मधल्या खोलीत कपाटावर ठेवला. घरातले सगळे फोटो, लग्नाचं शूटिंग, अन् अकरा तांड्यांतल्या म्हाताऱ्या बायांचे ढावले, जे मी फिरून फिरून रेकॉर्ड केले, सगळं दोन्ही डिस्कांवर सारखं. एक मेली तर दुसरी आहे. दर रविवारी सकाळी डबा आपला आपणच दोन्हींची तपासणी करते, ताडून पाहते.

त्या रविवारी याडी डोळे मिटून ऐकत होती. मागच्याच आठवड्यात तिच्या दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डोळ्यांसाठीच ती तांड्यातून आमच्याकडं राहायले आली होती. मी भांडी आवरत होती.

"जमनी," ती म्हणाली, "नेम्याचं कुठं गेलं वं?"

"काय कुठं गेलं?"

"तीनच झाले. बापू, मी, किसन. अन् मंग एकदम डफडं."

मी म्हटलं तुले डुलकी लागली असन. पण पदराले हात पुसत आली अन् मागं नेऊन पाहिलं. टीव्हीवर मी, लाल ओढणीतली, किसनकाकाले सोडते, दोन पावलं सरकते, हात वर करते अन् गळ्यात पडते. तिथं कोणीच नव्हतं.

माझे हात गोल होते. माझी हनुवटी कशावर तरी टेकलेली होती. पाठीवर ओढणी दबलेली होती, पाच बोटांएवढी, जसा कोणी हात ठेवला आहे. मी हमसून हमसून रडत होती अन् माझा आवाज नव्हता, नुसतं डफडं वाजत होतं. चाळीस सेकंद. मंग मी हात सोडले, नाक पुसलं अन् जीपकडे गेली.

"दिसते का नेम्या?" याडीनं विचारलं.

"फाईल खराब झाली याडी. डाग पडला," मी म्हटलं. पडद्यावर डाग कुठंच नव्हता. मागची चुन्याची भिंत स्वच्छ दिसत होती.

२

पहिलं काम मी काय केलं असन तर नेम्याले फोन. तो ट्रक चालवते, नागपूर-हैदराबाद रोडवर. रोडवरच्या माणसाची काळजी ज्याच्या घरी ड्रायव्हर आहे त्यालेच ठाऊक. तीन रिंगा झाल्या. चौथीले त्यानं उचलला.

"काय बाई, आज कशी आठवण आली?" तो मले बाईच म्हणते, लहानपणापासून.

"कुठं मेला होतास? उचलत काहून नाहीस?"

"जेवून राह्यलो ना वं, पांढरकवड्याले. हात भरले होते."

मले एवढं हलकं वाटलं की मी त्याले अजून दोन शिव्या देल्या. मंग सांगितलं काय झालं ते. तो हसला. म्हणे, बरं झालं, माझं रडणं गेलं तर लोक चिडवायचं बंद करतील. त्याच्याकडं एक पेनड्राईव्ह होता, दोन महिन्यांआधी मीच डब्यातून उतरवून देलेला. कॅबिनमधल्या छोट्या पडद्यावर तो कधीकधी ढावलो लावते.

"माल उतरवला की पाहतो," तो म्हणाला. "तू कायले घाबरतेस? मी बसलो ना इथं जिवंत."

दुसरी डिस्क काढून वेगळी लावून पाहिली. तिच्यातही तेच. माझे गोल हात अन् चुन्याची भिंत.

३

सोमवारी वर्ग सुटल्यावर मी मुख्तारभाईच्या दुकानात गेली. बसस्टँडच्या मागं त्याचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे. डबा त्याच्याच सामानाचा. दोन वर्षांपूर्वी त्यानं विचारलं होतं, मॅडम, रॅम साधी टाकू का चूक दुरुस्त करणारी? तिच्यासाठी बोर्डही वेगळा लागला असता अन् मले घाई होती. मी दहा वर्षांपासून लोकांना कॉम्प्युटर शिकवते, मले काय सांगता, असं मी त्याले ऐकवलं होतं. जीभ माझी पहिल्यापासून अशीच.

"मी तवाच बोल्लो होतो न तुमाले," तो म्हणाला. बोलला नसता तर त्याचं पोट दुखलं असतं. "फाईल डिस्कवर झोपून राह्यते मॅडम. पण तपासाले काढली का रॅममधून जाते. रॅममध्ये एक कण, एक बिट पलटला, तं मशीनले वाटते डिस्कच चुकली. मंग ते चांगल्याले खराब समजून दुरुस्त करून टाकते. तुमची तपासणी दर रविवारी चालते न?"

"एका कणानं माणूस कसा जाईल, भाऊ? ठिपके येतील, रंग बिघडन, फाईल उघडणार नाही. मागची भिंत कुठून येईल? भिंतीपुढं माझा भाऊ उभा होता. ती भिंत कॅमेऱ्यानं पाहिलीच नाही."

त्यानं माझ्या फोनवर तो तुकडा पाहिला. परत पाहिला. हातातला स्क्रू-ड्रायव्हर खाली ठेवला.

"तुमी त्याले धरून हाव मॅडम," तो हळू म्हणाला. "तो असा गेल्यासारखा नाही दिसत. नुसता..." त्यानं मले चहा पाजला.

मंग त्यानं समजावलं, अन् मी पहिल्यांदा गप बसून ऐकलं. साध्या पट्टीवर आठ चिपा असतात. चूक दुरुस्त करणारीवर नऊ. नववी स्वतःचं काही ठेवत नाही, आठांवर नजर ठेवते. एक चुकलं, तर ती ओळखते कोण चुकलं, अन् जागच्या जागी सरळ करते. काम थांबत नाही, आपल्याले पत्ता लागत नाही. फक्त मशीनच्या नोंदीत एक ओळ येते.

"अन् दोन चुकल्या तर?"

"दोन एकदम चुकल्या तं तिले एवढंच कळते का गडबड हाये. कोण चुकलं ते नाही कळत. मंग ते कोणाले हात नाही लावत. मशीनच थांबवून टाकते."

बोर्ड अन् पट्टी नागपूरहून गुरुवारपर्यंत येईल म्हणाला. तोवर डबा बंद ठेवा. मी घरी येऊन त्याची वायर काढली.

४

संजय त्याच दिवशी यवतमाळले ट्रेनिंगले गेले होते, शनिवारी येणार होते. घरात मी अन् याडी.

मंगळवारी मी लॅपटॉपमध्ये उतरवलेले जुने फोटो उघडले. डब्याशी त्यांचा काही संबंध नव्हता, म्हणून उघडले. पहिला राखीचा निघाला. तांड्यातल्या घराची ओसरी, खाली चटई, चटईवर मी बसलेली, दोन्ही हातांच्या चिमटीत राखीचा दोरा, गाठ मारताना. राखी हवेत गोल उभी होती. तिच्या आत मनगट नव्हतं, पण ती घट्ट बसलेली होती.

दुसरा नेम्याच्या ट्रकचा. नवा ट्रक, हार, नारळ, अन् मी आरतीचं ताट घेऊन कोणालेतरी टिळा लावून राह्यली. माझ्या बोटापुढं तेवढा कुंकवाचा टिळा होता. कपाळाच्या उंचीवर.

मी लॅपटॉप मिटला. असं होऊ शकत नाही, मी मोठ्यानं म्हटलं. माझी सवय आहे, मुलांना शिकवताना मी मोठ्यानं कारणं मोजते. रॅम खराब असेल तर डब्यातलं बिघडन, लॅपटॉपमधलं नाही. लॅपटॉपमधलं डब्यातूनच आलं असेल तर बिघडू शकते. पण मी ते कधी उतरवलं? आठवलं नाही. माणूस भ्याला की त्याले साधी तारीखही आठवत नाही.

तेवढ्यात ओसरीवर याडीचा मोबाईल वाजला.

"हाव रे नेम्या," ती बोलली. माझ्या जिवात जीव आला. "जेवली ना. डोया बरा हाये. थेंब टाकते मी. तू हळू चालव बापा. कवा येतं? बरं. बरं. जप." असं लाडानं ती फक्त त्याच्याशीच बोलते, माझ्या वाट्याले नुसता हुकूम येते.

मी धावतच गेली. "नेम्याचा होता का? ठेवलास काहून? मले बोलायचं होतं!"

याडीनं मोबाईल कमरेले खोचला अन् माझ्याकडं पाहिलं. एक डोळा लाल, एक साधा.

"कोणाचा?"

"नेम्याचा!"

"कोण नेम्या?" ती म्हणाली. "कंपनीवाल्याचा होता, रिचार्ज संपला म्हणे."

मी हसली. म्हटलं, याडी, मस्करी नको करू, माझं डोकं आधीच ठिकाणावर नाही. तिनं माझ्या कपाळाले हात लावून ताप पाहिला. तिचा हात गरम अन् खरखरीत, नेहमीसारखा. मस्करी करताना तिचा डाव्या बाजूचा ओठ हलते, मी लहानपणापासून पाहते. तो हललेला नव्हता.

अन् एक गोष्ट मले त्या दुपारी ध्यानात आली. मधल्या खोलीत, कपाट अन् खाटेच्या मध्ये, दोन हात जागा आहे. तिथं काही ठेवलेलं नाही. मी स्वयंपाकघरात जाताना त्या जागेले वळसा घालून जात होती. कधीपासून, ठाऊक नाही. मी मुद्दाम ओसरीवर बसून याडीले पाणी आणायले सांगितलं. तीही वळसा घालून गेली, अन् जाताना तिनं तिथं अंग चोरलं, घरात कोणी उभं असलं की चोरतो तसं.

५

बुधवारी अकरा वाजता नेम्याचा फोन आला. नमस्कार नाही, मस्करी नाही.

"बाई, तू हास ना?"

"आहे ना रे. काय झालं?"

मागं गाड्यांचा आवाज होता. तो पंपावर उभा होता.

"ढावलो लावला मी. सगळे हायेत. बापू हाये, याडी हाये, काका हाये, मी हाव. तू नाहीस बाई. आमी सगळे हात असे करून उभे हाव अन् आमच्यात कोणीच नाही."

 मी खाली बसली.

"मी काकाले फोन केला," तो पुढं बोलला, "म्हटलं एक डाव पुसदले जमनीकडं जाऊन ये. तो म्हणे, कोण जमनी? मी म्हटलं काका, सकाळीच पेलास का? तं मलेच रागावला. म्हणे, नेम्या, तुया याडीले, धनीबाईले, लेकरू एकच, तूच."

"अन् इथं याडी म्हणते कोण नेम्या," मी म्हटलं.

 एवढा मोठा बाप्या, मिशीवाला, चौदा चाकांचा ट्रक हाकणारा, तिकडं नाक ओढत होता ते मले ऐकू येत होतं. मीही काही वेगळी नव्हती. एक फक्त बरं होतं, तो मले विसरला नव्हता अन् मी त्याले.

त्यानं त्याच्याकडचा तुकडा फोनवर पाठवला. मी लॅपटॉपवर दोन्ही शेजारी शेजारी लावले. माझ्यात मी होती, गोल हातांची. त्याच्यात तो होता, रडून वेडावाकडा झालेला, गोल हातांचा. माझ्या ओढणीवर जिथं बोटं उमटली होती तिथंच त्याची बोटं हवेत टेकलेली. दोन्ही मिळून एक पूर्ण होत होतं. मले एकदम आशा आली. शूटिंग जोडायचं मी मुलांना शिकवते, हे तर पोरखेळ काम. मी एक दुसऱ्यावर ठेवलं, नीट बसवलं. बसलं. लॅपटॉपच्या पडद्यावर आम्ही बहीणभाऊ पुरे दिसलो, अन् आवाजही आला, माझा अन् त्याच्या गळा काढण्याचा. मी मांडीवर हात मारून रडली.

ते डब्यात ठेवावं म्हणून मी वायर लावली. मुख्तारभाईनं नाही म्हटलं होतं, ठाऊक होतं मले. पण अकरा तांड्यांचं, घरचं, सगळं मी त्यातच ठेवते, हात सवयीनं तिकडंच जाते. फाईल गेली. उघडून पाहिली.

चुन्याची भिंत होती. भिंतीपुढं बापू, याडी अन् काका अर्धगोल उभे होते, पदर-रुमाल डोळ्याले लावून. मध्ये दोन माणसांपुरती जागा सोडलेली होती. डफडं वाजत होतं. चाळीस सेकंद ते तिघं त्या जागेकडं पाहत राह्यले, अन् मंग याडीनं डोळे पुसून सरळ कॅमेऱ्याकडं पाहिलं, तसं तिनं लग्नात पाहिलंच नव्हतं.

लॅपटॉपवरचीही तशीच झाली होती. मी वायर ओढून काढली.

६

गुरुवारी सकाळी फोनमध्ये नेम्याचं नाव शोधलं तर नव्हतं. नंबर मले पाठ होता म्हणून लागला. त्याचा आवाज बारीक येत होता, रेंज असूनही. तो म्हणाला, तुयाही तसाच येते. म्हणजे डबा बंद ठेवून काही थांबलेलं नव्हतं.

"मी येऊन राह्यलो," तो म्हणाला. "गाडी मालकाच्या दारात सोडली, एसटीत बसलो. तू काही लावू नको मी येईस्तोवर."

"मुख्तारभाई बाराले येते. ऐक माझं. ती नववी चिप एक चूक असली तर दुरुस्त करते. दोन असल्या तर कोणालेच हात लावत नाही, मशीन थांबते. आपण दोघं आहो ना रे. माझ्याकडं तू नाहीस, तुझ्याकडं मी नाही. दोन झाल्या. थांबन ते. जे आहे तिथंच थांबन, पुढं कमी तरी होणार नाही."

"अन् तिले एकच वाटली तं?"

हा विचार मीही केला होता, रात्रभर दुसरं काही केलं नव्हतं. साधी पट्टी ठेवली तर आम्ही दोघं थोडे थोडे जात राहू, एका दिवशी मी त्याचा नंबर विसरन अन् मले ठाऊकही होणार नाही की मी काही विसरली. अन् एकच निघाली, तर आमच्यातलं एक तरी वाचन. मी मोठी आहे. तो तीन महिन्यांचा होता तवापासून माझ्या कडेवर होता, याडी कापूस वेचायले जायची.

"बाई, मले भेव लागून राह्यला," तो म्हणाला.

"मलेही," मी म्हटलं. "तू ये लवकर. तुझ्यासाठी वांग्याची भाजी टाकते."

मुख्तारभाई बाराले आला. मधल्या खोलीत खाली चादर टाकून बसला, डबा उघडला, जुना बोर्ड काढला. नवी पट्टी त्यानं मले उजेडात धरून दाखवली. मी मोजल्या. नऊ होत्या.

"टाकू न मॅडम?" त्यानं विचारलं. त्यालेही ते सोपं वाटत नव्हतं, मले दिसलं.

"टाका," मी म्हटलं.

पट्टी बसल्याचा खटकन आवाज झाला. त्यानं वायर लावली, तपासणी चालू केली. डिस्का कुरकुरायले लागल्या. मी पडद्यापुढं उभी राहून मनात एकच म्हणत होती, थांब, थांब, थांब. टक्के वाढत होते. चाळीस. साठ. नव्वद. मशीन थांबलं नाही.

तपासणी पूर्ण, असं आलं. खाली एकच ओळ. चूक एक. दुरुस्त.

७

मी झडप घालून ढावलो उघडला. नेम्या होता! भिंतीपुढं उभा, अठरा वर्षांचा, तोंड वासून रडणारा, पुरा. मी दुसरं काहीच पाहिलं नाही, त्याचा चेहराच पाहत राह्यली. "भाऊ, आला! माझा भाऊ आला!" मी ओरडली.

मुख्तारभाई स्क्रू गोळा करत होता. त्यानं पिशवी खांद्याले लावली अन् ओसरीवर गेला. "अम्मा, मशीन झाली. गुरुजीले सांगा," तो याडीले म्हणाला अन् गेला. मले राग आला. मी इथं उभी आहे अन् निरोप अम्माजवळ.

"याडी, नेम्या आला परत!" मी म्हटलं.

ती आत येत होती. तोंडभर हसू होतं. "नेम्या येऊन राह्यला," ती स्वतःशीच म्हणाली. "पोचलाच म्हणे स्टँडवर." ती त्याले ओळखत होती! मी भिंतीले टेकून रडली, एवढा आनंद मले लग्नातही झाला नव्हता. ती खाटेजवळून सरळ चालत गेली, वळसा न घालता. मीच बाजूले झाली. तिच्या डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, तिले कडेचं दिसत नाही, असं मी स्वतःले सांगितलं.

नेम्या पायातले जोडे काढत ओसरीवर आला तवा मी दारातच होती. तो माझ्या अंगाजवळून आत गेला, घामाचा अन् डिझेलचा वास आला. याडीनं एक ताट वाढलं. त्यानं भाकर मोडली.

"एकटी कशी राह्यतं वं याडी इथं?" तो म्हणाला.

"गुरुजी भला माणूस. बायको ना लेकरू, मोठं घर. म्हणे, डोये बरे होईस्तोवर राह्य." तिनं त्याच्या ताटात भाजी वाढली, मी टाकलेली, वांग्याची.

"नेम्या," मी म्हटलं. "नेम्या, मी बाई." मी त्याच्या समोर बसली. त्याचा चेहरा शांत होता, सकाळी रडलेल्या माणसाचा नव्हता. मी त्याच्या खांद्याले हात लावला तर त्यानं माशी बसल्यासारखा खांदा हलवला.

मंग मी फोन काढला. नंबर तीनदा चुकला. लागला. त्याच्या खिशात वाजला. त्यानं डाव्या हातानं काढून पाहिला, कपाळाले आठ्या घातल्या अन् कानाले लावला.

"हॅलो? कोण?"

मले रडूच फुटलं. मी त्याच्याकडं पाहत होती अन् तो भिंतीकडं पाहत ऐकत होता.  मले वाटलं, ओळखन.

"कोणी बाईमाणूस रडून राह्यलं याडी," तो म्हणाला.

"असन कोणाची तरी लेक," याडी म्हणाली. "नंबर चुकला असन तिचा. ठेव, जेव तू."